फरहतबागेतलं रिकामं आळं

१

नवा जिल्हा झाला तेव्हा पुढाऱ्यांनी पेढे वाटले आणि कारकुनांनी बिऱ्हाडं बांधली. उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं. कपाटांची वाटणी झाली, शिक्क्यांची झाली, माणसांचीही झाली, आणि त्या वाटणीत अव्वल कारकून गुरुलिंगअप्पा उदगीरच्या वाट्याला आले. नोकरी थोडीच उरली होती. त्यांची बायको पंचफुला गोणपाटात भांडी बांधता बांधता म्हणाली, "लोक म्हातारपणी काशीला जातात. आपण चाललो उदगीरला."

तक्रार करणं हा पंचफुलाचा विसावा होता; मुळात बाई समाधानी. तिचं मागणं एकच होतं. एकुलती लेक महानंदा नांदेडला दिलेली, जावई कॉलेजात शिकवायचे, सगळं छान होतं. फक्त लग्नाला इतकी वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. अप्पांची नोकरी संपली की नांदेडला लेकीजवळ जाऊन राहायचं आणि एकदा तरी नातवंड मांडीवर घ्यायचं, एवढ्यावर तिचा जीव टांगलेला होता. बाकी कशासाठी तिनं देवाला तसदी दिली नाही.

अप्पांचं दुखणं वेगळं. त्यांची वाडवडिलांची काळी जमीन धरणात गेली होती. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बांधावरच्या लिंबाचा शेंडा तेवढा वर दिसायचा, आणि तो बघायला म्हणून अप्पा एकदा गेले ते पुन्हा कधी गेले नाहीत. बोलून दाखवायचा स्वभाव नाही. फायलीला दोरी बांधताना मात्र असा उसासा टाकायचे की शेजारच्या टेबलावरचा कागद उडावा.

उदगीरला आल्यावर त्यांना फरहतबाग सापडली. गावाबाहेर जळकोट रस्त्याला, निजामाच्या वक्ताला कुणा जहागीरदारानं लावलेली. मालकांचे वारस हैदराबादेत, त्यांना बागेची आठवणही नसावी. मधोमध दगडी हौद, त्याला चारी बाजूंनी फरशीच्या वाटा, वाटांच्या कडेनं आंबे, डाळिंबं, मोसंबी, कवठी चाफा. प्रत्येक झाडाभोवती गोल, नीट राखलेलं आळं. पलीकडे विहीर आणि तिच्यावर लोखंडी चाक. फाटकाशी दगडोबा नावाचा राखणदार झोपडी करून राहायचा. तो स्वतः फारसं काही करताना दिसायचा नाही, पण कुणाला अडवायचाही नाही.

दर रविवारी जेवणं उरकून दोघं तिकडं चालत जायची. श्रावणात हौदावर शेवाळाचा वास असायचा, अश्विनात प्राजक्ताचा सडा. अप्पा एकेका झाडाला हात लावत फिरायचे आणि पंचफुला फरशीवर बसून सुपारी कातरायची. घरी येताना अप्पांचा उसासा निघायचा नाही. पंचफुलाला तेवढ्यासाठी ती बाग आवडायची.

मग येळवस आली.

येळवस म्हणजे आमच्या लातूर-उदगीर भागाचा सगळ्यांत मोठा सण. मार्गशीर्षातल्या अमावस्येला गावंच्या गावं कुलपं लावून शेतात जातात. कडब्याची कोप बांधायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव मांडायचे, मिश्र भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर खायची आणि ताकातली आंबील गाडगंभर प्यायची. ज्याला शेत नाही त्याला दहा जण बोलावतात. अप्पांनाही बोलावणी होती.

"औंदा कुणाच्या शेतात पाव्हणा म्हणून जाणार न्हाई मी," अप्पा म्हणाले.

"मग काय घरात बसून भज्जी खायची?"

"बागेत जाऊ. आपण दोघंच."

पंचफुलानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि आंबिलीचं ताक घुसळायला घेतलं.

बागेत त्यांनी हौदाच्या पूर्वेला कोप बांधली. पूजा झाली. आणि जेवायच्या आधी अप्पांनी आंबिलीचं गाडगं उचललं. शेताचा मालक या दिवशी शेताभोवती फेरी मारतो, लिंबाच्या डहाळीनं आंबील शिंपडत जातो, मागून घरधनीण पाण्याची धार धरते. ज्यानं फेरी मारली तो त्या जमिनीचा. परक्याच्या जमिनीत ही फेरी मारायची नसते. तसं कुणी कुणाला सांगतही नाही, कारण तसं कुणी करतच नाही.

"आवो, हे आपलं रान न्हाई," पंचफुला म्हणाली.

"बघायला कोण आलंय? तांब्या घे."

तिनं तांब्या घेतला. इतक्या वर्षांनी माणूस हसला होता. त्याला कुठं अडवायचं? अप्पा "हर हर महादेव" म्हणत पुढं, ती धार धरून मागं. हौद, विहीर, आंब्यांची रांग, सगळं फेरीत आलं. वळसा पुरा झाला तेव्हा दोघांनाही हसू आवरेना.

दगडोबा भज्जी खायला आला आणि आंबिलीच्या पांढऱ्या शिंतोड्यांपाशी थबकला.

"फेरी मारलाव व्हय, अप्पा?"

"मारली. का? चालत न्हाई का?"

"आता मारलावच म्हणल्यावर चालतंयच की," दगडोबा म्हणाला.

पंचफुलानं चारदा आत बोलावलं, पण तो शिंतोड्यांच्या रेघेबाहेर, उन्हात उकिडवा बसून जेवला. सावली सगळी आत होती. लाजला असेल, असं तिनं धरलं आणि त्याला आणखी एक उंडा वाढला.

२

शिमग्याच्या सुमारास आंबे मोहरले. दोघं बागेत गेली तर हौदाच्या पूर्वेला, जिथं कोप होती तिथं, एक नवं आळं केलेलं. माती भुसभुशीत, कड हातानं थापून गोल केलेली, आणि आत पाणी नुकतंच जिरलेलं. फक्त झाड नव्हतं.

"काय लावणार हायस रे इथं?" पंचफुलानं दगडोबाला विचारलं.

"म्या न्हाई केलो, अक्का."

"मग कुणी केलं?"

"काय की," म्हणत तो बिडी पेटवायला गेला.

आता आळं काही आपोआप होत नाही. पंचफुलानं मनाशी हिशेब मांडला: हैदराबादेतून मालकांनी माणूस धाडला असेल, रोप यायचं असेल, रोप येईपर्यंत माती भिजवून ठेवत असतील. शहाण्या माळ्याचं कामच आहे ते. हिशेब जुळला म्हणून तिला बरं वाटलं.

अप्पा मात्र त्या आळ्याच्या कडेला बसले, वहाणा काढल्या आणि पाय आत सोडले.

"आवो, चिखल!"

"गार लागतंय गं. गुडघ्याचं दुखणं पार उतरलं बघ."

खरंच, घरी जाताना ते लंगडले नाहीत. घरी तिनं पाय धुवायला पाणी दिलं. चिखल कसा तो निघेना, नखांच्या कडेनं हिरवट राहिलाच. तिनं नारळाच्या शेंडीनं घासलं, तर अप्पा झोपाळलेल्या आवाजात म्हणाले, "राहू दे. काय बिघडतंय?"

३

त्या वर्षी उन्हाळा लवकर लागला. उदगीरच्या विहिरींनी तळ दाखवला, नळ दिवसाआड झाला, मग तोही गेला आणि टँकर सुरू झाले. पंचफुला घागरी घेऊन रांगेत उभी राहायची आणि नव्या जिल्ह्याच्या नावानं खडे फोडायची. "जिल्हा केला म्हणे. आधी पाणी तरी वाटून घ्यायचं होतं!" रांगेतल्या बायका हसायच्या. दुष्काळातही हसू फुकट मिळतं, हे एक बरं.

फरहतबाग मात्र हिरवीगार होती. इतकी हिरवी की रस्त्यावरून बघताना डोळ्यांना बोचावी. प्रत्येक आळं ओलं होतं, आणि ते रिकामं आळंही. दगडोबाच्या शेळ्या फाटकाबाहेर वाळक्या बाभळीच्या शेंगा शोधत फिरत होत्या, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. फाटक सताड उघडं, आत पोटरीभर गवत. एकही शेळी उंबरा ओलांडत नव्हती.

"हाकल की आत," पंचफुला म्हणाली.

"जात न्हाईत, अक्का. लई मारून बघितलो."

आत दुपार अगदी शांत होती. अप्पा आळ्याच्या कडेला बसले आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. पंचफुला सुपारी कातरत होती. विहिरीकडून चाक कुरकुरल्याचा आवाज आला. किर्र, थांबा, किर्र. पोहरा वर येताना होतो तसा. कुणीतरी पाणी शेंदत होतं, आणि घाई नसलेल्या हातानं शेंदत होतं.

आली बाई शेवटी माळीण, असं म्हणत पंचफुला उठली. इतकं पाणी घालणारीला एकदा बघावं, दोन घागरी मागाव्यात. झाडांमधून ती विहिरीपाशी पोचली तेव्हा चाक नुकतंच थांबत होतं. दोर ओला होता. काठावरच्या दगडावर पाण्याचे ओघळ होते. माणूस कुणी नव्हतं. तिनं आत वाकून बघितलं. पाणी खूप खाली होतं आणि त्यात तिचंच डोकं दिसत होतं.

वाऱ्यानं फिरलं असेल चाक. पण पान हलत नव्हतं. मग दगडोबा असेल, शेंदून पळाला असेल, म्हाताऱ्याची खोड काय सांगावी? असं म्हणत ती परत आली आणि अप्पांच्या अगदी जवळ बसली.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना तिचे तळहात हुळहुळले. उघडून बघितलं तर दोन्ही हातांवर तिरके, लाल वळ. बादलीच्या कडीचे असतील, तिनं म्हटलं. टँकरची बादली जड असते. पण कडी बोटांत रुतते, आणि हे वळ तळहातभर होते, दोर सरसरत गेल्यासारखे. तिनं हातांना खोबरेल लावलं आणि अप्पांना काही सांगितलं नाही.

४

मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. दसऱ्याला सोनं म्हणून वाटायला आपट्याची पानंही धड मिळेनात. आणि अशा वैराण दिवसांत नांदेडहून जावई स्वतः निरोप घेऊन आले: महानंदाला दिवस गेले होते, आणि इतक्या वर्षांनी म्हणून सहावा महिना लागेपर्यंत कुणाला कळवलं नव्हतं.

पंचफुला देवघरापुढं बसून रडली, मग उठून शिरा केला, मग शिरा ढवळता ढवळता पुन्हा रडली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण माहेरात प्यायला टँकरचं पाणी, बाळंतिणीला न्हाऊ कशानं घालणार? तेव्हा माहेरानंच उठून नांदेडला जायचं असं ठरलं. अप्पांची नोकरी मार्गशीर्षात संपत होती. सगळं कसं जुळून आलं होतं.

"जाऊ की," अप्पा म्हणाले. ते हल्ली सगळ्यालाच हो म्हणायचे. उसासे बंद झाले होते, चेहऱ्यावर तकाकी आली होती. जेवण मात्र कमी झालं होतं. पाणी पितच राहायचे. "जाऊ. पण बागेचं काय?"

"बागेचं काय म्हणजे? बाग काय आपल्या बापाची हाय?"

अप्पा नुसते हसले. लहान पोरानं खुळ्यासारखं काही विचारलं की मोठी माणसं हसतात तसं.

त्या रविवारी पंचफुलानं घरून प्यायच्या पाण्याचा तांब्या भरून नेला होता. टँकरचं पाणी, एकेक घोट जपायचा. बागेत अप्पा नेहमीच्या जागी बसले आणि ती महानंदाच्या डोहाळजेवणाचं बोलत राहिली. कुठली साडी घ्यायची, कुणाला बोलवायचं, अनरसे करायचे की नाही. बोलता बोलता अप्पा म्हणाले, "बास. भरलं आता."

तिनं खाली बघितलं. ती उभी होती. हातातला तांब्या पालथा होता, आणि शेवटची धार अप्पांच्या पायांवरून आळ्यात जिरत होती. आपण कधी उठलो हे तिला आठवेना.

तिचं तोंड कोरडं पडलं आणि तांब्यात थेंब नव्हता. "उठा," ती म्हणाली. "उठा, घरी चला." अप्पा उठले, पण पाय मातीतून निघताना बारीक मुळं तुटावीत तसा आवाज झाला. चिखल चिकट असला की तसा आवाज होतो. पंचफुलानं स्वतःला तेच बजावलं. पण त्या दिवसानंतर तिनं काहीबाही कारणं काढून बागेचं जाणं बंद पाडलं. कधी डोकं दुखायचं, कधी पाव्हणे यायचे. अप्पा कुरकुरले नाहीत. सकाळी त्यांच्या पायांच्या नखांत ओली माती कुठून येते, हे मात्र तिनं विचारायचं टाळलं. आणि आपल्या हातांवरचे वळ का मिटत नाहीत, हेही.

५

निघायचा दिवस ठरला तो नेमका येळवसेचा. सामान आधीच मालमोटारीनं नांदेडला गेलं होतं. महानंदाला कधीही कळा लागतील असा जावयांचा निरोप होता. पंचफुलानं यंदा आंबील केली नाही. भाकरी, चटणी बांधून घेतली. अंगावर हिरवं इरकल नेसली. त्याच्या पदराजवळ बाभळीचा काटा लागून फाटलं होतं आणि हिरवा दोरा नव्हता म्हणून तिनं ते लाल दोऱ्यानं रफू केलं होतं. घरच्यापुरतं ठीक आहे, म्हणत म्हणत ते सणाचंही झालं होतं.

"नांदेडची बस बागेवरूनच जाती," अप्पा म्हणाले. "चालत जाऊ, निरोप घेऊ, फाटकाशीच बसू."

"आत बसायचं न्हाई."

"न्हाई बसत."

"शप्पथ?"

"तुझी शप्पथ."

रस्त्याला चिटपाखरू नव्हतं, सगळा मुलूख आपापल्या रानात. फाटकाशी दगडोबा शेळ्या घेऊन उभा होता. दोघांना बघून तो गोंधळला.

"परत आलाव व्हय?"

"परत म्हणजे?" पंचफुला म्हणाली. "आत्ता तर येतोय घरून."

"सकाळीच आलाव की दोघं. कोप बांधलाव, फेरी मारलाव. म्या शरणार्थ म्हणलो, तर तुमी बोल्लाव न्हाई." दगडोबाची नजर तिच्या पदरावर गेली, त्या लाल रफूवर, आणि तिथंच अडकली. "हेच लुगडं हुतं, अक्का," तो हळू आवाजात म्हणाला. मग त्यानं शेळ्या वळवल्या आणि तो रस्त्यानं चालायला लागला. मागं वळून बघितलं नाही.

अप्पा तोवर आत गेले होते.

पंचफुला मागं धावली. हौदाच्या पूर्वेला कोप उभी होती, कडबा अगदी ताजा. आंबिलीचे पांढरे शिंतोडे अजून वाळले नव्हते. विहिरीचं चाक किर्र म्हणून थांबलं. आणि अप्पा शपथ मोडून त्या आळ्यात उतरले होते. कडेला नव्हे, मधोमध, धोतर गुडघ्यांवर घेऊन बसले होते. पाय घोट्यांपर्यंत मातीत होते.

"उठा वो. बस येईल."

"जाऊ की."

"मग उठा!"

"इथं बरं वाटतंय गं," अप्पा म्हणाले. इतकं तृप्त तोंड तिनं लग्नातही बघितलं नव्हतं. "हे आपलं हाय."

"आपलं काय हाय ते नांदेडला हाय. लेक वाट बघायलीय तिकडं!"

तिनं त्यांचे दोन्ही हात धरून ओढलं. गुडघे दुखायचे तेव्हा ज्या माणसाला ती हात देऊन सहज उठवायची, तो तसूभर हलेना. तिनं पाय रोवले, दात-ओठ खाल्ले, तळहातांची आग आग झाली. लांब गावाकडून बसचा हॉर्न वाजला. ही बस गेली की उद्याची. आणि उद्यापर्यंत इथं काय उरेल, हे तिला आतून स्पष्ट कळत होतं. ती अप्पांच्या अंगावर रडत कोसळली, आणि मग तोंड वर करून त्या झाडांना, विहिरीला, कुणाला ते तिचं तिलाच ठाऊक नाही, ओरडली:

"काय ठिवून घ्यायचं ते ठिवून घे! पण आम्हाला जाऊ दे, बाई! एकदा नातवंड मांडीवर घेऊ दे!"

बागेत काही हललं नाही. पण अप्पांचे हात तिच्या हातात सैल झाले आणि ते उठले. इतके सहज उठले की ती मागं धडपडली. दीड मणाचा माणूस, आणि वजन असं लागलंच नाही.

"चल," ते म्हणाले. "बस चुकेल."

वहाणा घालताना तिनं त्यांच्या पायांकडं बघितलं. चिखलाचा डाग नव्हता. पाय कोरडे ठणठणीत, नखं स्वच्छ.

बस जवळजवळ रिकामी होती. कंडक्टरनं तिकिटं फाडली, "येळवस सोडून कुठं निघालाव?" म्हणून चेष्टा केली. पंचफुला खिडकीशी बसली आणि तिनं तळहात उघडून बघितले. वळ मिटले होते. एकही नव्हता. सुटलो बाई, असं म्हणत तिनं हात जोडले.

पुढं बागेची भिंत एका ठिकाणी पडलेली आहे. तिथं रस्त्याला खड्डा होता, म्हणून बस संथ झाली. झाडांमधून हौदाची पूर्व बाजू दिसत होती. आळ्यात एक माणूस बसलेला होता, धोतर गुडघ्यांवर, पाठ रस्त्याकडं. आणि विहिरीकडून एक बाई भरली घागर कमरेवर घेऊन त्याच्याकडं चालत येत होती. हिरवं लुगडं. पदराजवळ लाल.

बसच्या आवाजानं ती बाई थांबली आणि वळू लागली. तिचं तोंड दिसायच्या आत पंचफुलानं डोळे गच्च मिटून घेतले. शेजारी अप्पा भाकरीचा पुडा सोडत होते.

६

नांदेडला सगळं चांगलं झालं. असं चांगलं की दृष्ट लागावी. जावयांनी मागची खोली दिली, तिला खिडकी होती, खिडकीतून मारुतीचं देऊळ दिसायचं. अप्पा सकाळी देवळापर्यंत फिरून यायचे, पेपर वाचायचे, दुपारी झोपायचे. गुडघे दुखले नाहीत. बागेचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही, जमिनीचंही नाही. पंचफुलाही मजेत होती. नांदेडलाही पाण्याची टंचाई होती, पण दोघांना तहान अशी लागतच नव्हती. माठावरचा तांब्या सकाळी भरलेला तो संध्याकाळी भरलेलाच असायचा.

"दुष्काळात असले पाव्हणे मिळायला पुण्य लागतं," महानंदा आपलं अवघडलेलं पोट सांभाळत हसायची, आणि अप्पाही हसायचे.

संक्रांतीच्या आगेमागे महानंदा बाळंत झाली. मुलगा. पंचफुलानं दवाखान्यात साखर वाटली, नर्सच्या हातावर ठेवली, पायऱ्यांवर भेटलेल्या अनोळखी म्हाताऱ्याच्याही हातावर ठेवली. बाळंतीण घरी आली. शेगडी पेटवली, बाळाला तेल लावलं, न्हाऊ घातलं, धुरी दिली. बाळ लालबुंद, गुटगुटीत, रडायला खणखणीत.

"बस आई, पाय पसर," महानंदा म्हणाली. "घे एकदाचा. किती वर्षं वाट बघितलीस."

पंचफुला भिंतीला टेकून बसली, पाय लांब केले. महानंदानं दुपट्यात गुंडाळलेलं पोर तिच्या मांडीवर ठेवलं. पोरानं मूठ चोखली, डोळे किलकिले केले. त्याच्या टाळूवर तेल चमकत होतं. अप्पा दारात उभे राहून समाधानानं बघत होते.

तिनं मांडी जरा हलवून बघितली. मग हात खाली घालून बघितला. पोर होतं तिथंच होतं.

"जड हाय का नाही गं माझा लेक?" महानंदानं कौतुकानं विचारलं.

"व्हय गं," पंचफुला म्हणाली. "लई जड हाय."

नातवाचं ओझं मांडीला कळत नव्हतं. कमरेवर मात्र भरल्या घागरीचं ओझं होतं, आणि ते उतरवून घ्यायला तिथं कुणी नव्हतं.